शिशाची गोळी आणि झिजलेली नळी : जुन्या रायफलींच्या अचूकतेविषयी एक ऐतिहासिक विचार

१

शस्त्रांच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याच्या हाती प्रत्यक्ष शस्त्र आले म्हणजे कागदपत्रांपेक्षा अधिक विश्वसनीय पुरावा मिळाला असे त्याला वाटते, आणि ते स्वाभाविकच आहे. एकोणिसाव्या शतकातील एखादी रायफल संग्रहालयातून बाहेर काढावी, साच्यात शिसे ओतून तिच्यासाठी गोळ्या तयार कराव्यात, शंभर वारांवरील लक्ष्यावर त्या झाडाव्यात, आणि गोळ्या किती विखुरल्या हे मोजून त्या काळच्या शिपायाचा मार किती अचूक होता हे ठरवावे, ही पद्धती वरवर पाहता निर्दोष दिसते. तथापि तिच्या मुळाशी एक गृहीत आहे. आज हाती असलेली नळी कारखान्यातून बाहेर पडलेल्या नळीसारखीच आहे, अथवा ती किती झिजली आहे हे निदान ठाऊक आहे, असे ते गृहीत होय. हे गृहीत बहुधा तपासले जात नाही. आणि गोळ्या विखुरल्या की ‘नळी झिजली आहे’ एवढे एक कारण सांगून विषय संपविला जातो.

मराठीतील ‘झिजणे’ हे क्रियापद संस्कृत ‘क्षीयते’ या रूपापासून प्राकृत ‘झिज्जइ’ या रूपाच्या द्वारे आलेले आहे. क्षीण होणे हा त्याचा मूळ अर्थ. चंदनाचे खोड सहाणेवर झिजते, जोड्याचा तळ झिजतो, देवळाची पायरी झिजते. या सर्व ठिकाणी एक वस्तू दुसरीवर घासली जाते व तिचा अंश कमी होतो. हीच कल्पना बंदुकीच्या नळीस लावली असता, नळीतून शिशाची गोळी वारंवार घासत गेल्यामुळे पोलाद क्षीण झाले, असे चित्र मनापुढे उभे राहते. वस्तुतः हे चित्र चुकीचे आहे. शिशाच्या गोळीने पोलादी नळी जवळजवळ झिजत नाही. जुन्या नळीत जे बदल झालेले दिसतात त्यांची कारणे वेगळी आहेत, आणि ती एकमेकांपासूनही वेगळी आहेत. तप्त वायूंनी धातू वाहून नेला जाणे, गंजाने पृष्ठभाग खड्डेमय होणे, गज किंवा दोरी घासून नळीचे तोंड रुंद होणे, आणि नळीत शिशाचा लेप बसणे या चार क्रिया ‘झीज’ या एका शब्दाखाली एकत्र आल्या आहेत. त्यांतील चौथी तर झीजच नव्हे, उलट भर आहे. या चार क्रियांचा अचूकतेवर होणारा परिणाम निरनिराळा असतो. म्हणून त्यांचा इतिहास स्वतंत्रपणे पाहिल्याविना जुन्या रायफलीची साक्ष इतिहासात ग्राह्य धरणे धोक्याचे आहे.

२

प्रथम रायफलीच्या मूळ तत्त्वाकडे वळावे. इंग्रजीतील ‘रायफल’ हा शब्द प्रारंभी नळीत पेचदार खाचा पाडण्याच्या क्रियेचा वाचक होता. पुढे तो अशा खाचा असलेल्या बंदुकीचे नाव झाला. मराठीने तो बंदुकीच्या नावाच्या रूपानेच स्वीकारला, आणि नळीतील खाचांसाठी ‘आटे’, ‘पेच’, ‘खाचा’ असे शब्द वापरात राहिले. या खाचांमुळे गोळीला स्वतःभोवती फिरण्याची गती मिळते आणि ती हवेत स्थिर राहते. या विषयाचे शास्त्रीय विवेचन इंग्रज गणिती बेंजामिन रॉबिन्स याने केले. तोफविद्येवरील त्याचा ग्रंथ १७४२ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि १७४७ मध्ये त्याने खाचांच्या नळ्यांविषयी रॉयल सोसायटीपुढे विवेचन केले. हाच रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत हिंदुस्थानात आला आणि १७५१ मध्ये कडलूरजवळील फोर्ट सेंट डेव्हिड येथे मरण पावला.

खाचांचा उपयोग व्हावयाचा तर गोळीने त्या घट्ट पकडल्या पाहिजेत. परंतु ठासणीच्या बंदुकीत गोळी तोंडाकडून आत घालावी लागते. ती घट्ट असेल तर ठासता येत नाही, आणि सैल असेल तर खाचा पकडत नाही. रायफलीचा पुढील शंभर वर्षांचा इतिहास हा बव्हंशी या एका पेचाच्या उत्तरांचा इतिहास आहे. इंग्रजी सैन्यातील बेकर रायफलीत, जिचा स्वीकार १८०० मध्ये झाला, सात खाचा होत्या, आणि तीस इंचांच्या नळीत त्या केवळ पाव वेढा घेत. गोळीभोवती चरबी लावलेला चामड्याचा तुकडा गुंडाळून ती ठासली जाई. प्रारंभी गोळी ठोकून आत बसविण्यासाठी शिपायांना लाकडी हातोड्याही देण्यात आल्या होत्या. येथे खाचांशी शिशाचा नव्हे, चामड्याचा संबंध येई. अशा नळीत धातूची झीज होण्यास कारण असेल तर ते गोळी नव्हे. ते कारण गज होय.

ठासताना गज प्रत्येक वेळी नळीच्या तोंडाशी थोडासा तिरपा होतो आणि खाचांच्या कडांना घासतो. शेकडो वेळा गोळी भरल्यावर व त्याहून अधिक वेळा नळी साफ केल्यावर तोंडाची कड एका बाजूला गोलसर होते. हे स्थान नेमके असे आहे की येथे झालेली लहानशी इजाही अचूकतेस सर्वाधिक बाधते. गोळी तोंडातून सुटताना तिच्यामागील वायू तिच्या बुडाभोवती सर्व बाजूंनी एकाच क्षणी मोकळा झाला पाहिजे. कड एका बाजूस झिजलेली असेल तर वायू त्या बाजूने क्षणभर आधी निसटतो, गोळीच्या बुडास तिरपा धक्का देतो, आणि गोळी डुलत निघते. हा दोष नेमबाजांच्या ध्यानी फार पूर्वी आला होता. अमेरिकेतील अॅल्व्हन क्लार्क, जो पुढे दुर्बिणींच्या भिंगांसाठी जगप्रसिद्ध झाला, याने १८४० मध्ये खोट्या तोंडाचे पेटंट घेतले. हा नळीच्या टोकाशी नेमका जुळणारा, तशाच खाचांचा एक सुटा तुकडा असे; गोळी ठासताना तो बसवावयाचा आणि झाडण्यापूर्वी काढून घ्यावयाचा. त्यामुळे गोळी सरळ आत जाई आणि गजाची सारी घासाघीस खोट्या तोंडावर होऊन खरे तोंड सुरक्षित राही. नळीचे तोंड किती नाजूक आहे याची जाण त्या काळी किती स्पष्ट होती, याचा हा बोलका पुरावा होय.

३

ठासणीच्या पेचावर सर्वांत परिणामकारक उत्तर निघाले ते शिशाच्या मऊपणातून. गोळी सैल ठेवावी, ती सहज आत जावी, आणि दारू पेटताच दाबाने तिचे बूड फुगून खाचांत बसावे, ही ती कल्पना. इंग्रज सैन्यातील कॅप्टन जॉन नॉर्टन याने १८२३ च्या सुमारास पोकळ बुडाची लांबट गोळी सुचविली. दक्षिण हिंदुस्थानात फुंकनळीतून सोडल्या जाणाऱ्या बाणांच्या बुडाशी कमळाच्या देठाचा मऊ गाभा लावलेला असतो व तो फुंकर बसताच फुगून नळी बंद करतो, हे पाहून त्याला ही युक्ती सुचली असे सांगितले जाते. फ्रान्समध्ये देल्विन्य व थुव्हनँ यांनी वेगळ्या मार्गाने हाच प्रश्न हाताळला, आणि १८४९ मध्ये क्लोद-एत्येन मिन्ये याने बुडात लोखंडी टोपण असलेली गोळी सिद्ध केली. इंग्लंडने १८५१ मध्ये मिन्ये पद्धतीची रायफल स्वीकारली, आणि दोनच वर्षांनी एन्फील्ड रायफल आली.

१८५३ च्या नमुन्याच्या एन्फील्ड रायफलीची नळी ३९ इंच लांब व ०.५७७ इंच व्यासाची होती. तीन खाचा ७८ इंचांत एक वेढा घेत. ५३० ग्रेन वजनाच्या शिशाच्या गोळीमागे सुमारे ६८ ग्रेन दारू असे. प्रारंभी गोळीचा व्यास ०.५६८ इंच होता. म्हणजे नळी व गोळी यांत नऊ सहस्रांश इंचाचे अंतर होते, व ते गोळीभोवतीच्या चरबी लावलेल्या कागदाने काही अंशी भरून निघे. लष्करी अनुभवानंतर गोळी सहज ठासली जावी म्हणून हा व्यास ०.५५० इंच करण्यात आला. आता अंतर सत्तावीस सहस्रांश इंच, म्हणजे तिप्पट झाले. बुडातील लाकडी खुंटी पुढे ढकलली जाऊन गोळी फुगत असल्यामुळे हे अंतर चालू शकले.

या आकड्यांचा अर्थ झिजेच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. जी रायफल मुळातच सत्तावीस सहस्रांश इंच सैल गोळी स्वीकारते, तिची नळी वापराने दोन-तीन सहस्रांश इंच रुंद झाली तर मऊ शिशाच्या फुगणाऱ्या गोळीस त्याचा फारसा अडथळा होत नाही. शिवाय एन्फील्डच्या खाचा मागील बाजूस अधिक खोल व तोंडाकडे उथळ होत गेलेल्या असत. त्यामुळे गोळी पुढे सरकताना अधिकाधिक घट्ट धरली जाई. मागे रुंद व पुढे अरुंद अशी नळी शिशाच्या गोळीस सर्वथा अनुकूल असते. उलट मागे घट्ट व पुढे सैल अशी नळी तिला सर्वांत घातक ठरते. म्हणून ‘नळी किती झिजली’ या प्रश्नापेक्षा ‘नळी कोठे झिजली’ हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

काडतुसावरील चरबीचेही येथे स्मरण करणे अवश्य आहे. १८५७ च्या उठावाच्या इतिहासात या चरबीचा विचार धर्मभावनेच्या संदर्भात होतो, व तो यथार्थच आहे. परंतु चरबी तेथे कशासाठी होती, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. काळ्या दारूच्या ज्वलनानंतर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घनरूप राहतो. नोबल व एबेल यांनी १८७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हे प्रमाण सुमारे ५७ टक्के भरले. हा मळ नळीत साठून कठीण होतो; काही फेऱ्यांनंतर गोळी ठासणे अशक्य होते, आणि कोरड्या, खरखरीत पृष्ठभागावर शिसे घासून त्याचा लेप बसतो. चरबी किंवा मेण हा मळ मऊ ठेवते. जानेवारी १८५७ मध्ये शिपायांना मेण व तूप वापरण्याची मुभा देण्याचा जो प्रस्ताव पुढे आला, तो तांत्रिकदृष्ट्या मुळीच गैर नव्हता. मेण हे या कामी उत्तम द्रव्य आहे. तो फार उशिरा आला, व तोवर विश्वास उडालेला होता, ही गोष्ट निराळी.

४

यानंतरच्या पिढीने मऊ गोळी सोडून कठीण गोळीचा मार्ग धरला, आणि तेथून झिजेच्या प्रश्नाचे स्वरूप पालटले. जोसेफ व्हिटवर्थ याच्या षट्कोनी नळीचा व्यास ०.४५१ इंच होता आणि पीळ वीस इंचांत एक वेढा इतका तीव्र होता. १८५७ मधील चाचण्यांत पाचशे वारांवर एन्फील्डचे सरासरी विचलन २.२४ फूट, तर व्हिटवर्थचे ०.३७ फूट आढळले. परंतु तीव्र पिळाच्या व घट्ट नळीत मळ लवकर साठे, आणि रणांगणासाठी ती रायफल स्वीकारली गेली नाही.

विल्यम एलिस मेटफर्ड या स्थापत्य अभियंत्याने वेगळी दिशा दाखविली. हा १८५७ मध्ये ईस्ट इंडियन रेल्वेच्या कामावर मोंघीर येथे आला होता, आणि प्रकृती बिघडल्याने वर्षभरात परत गेला. खाचा खोल असण्याची गरज नाही. गोळी पुरेशी कठीण व नळीस नेमकी जुळणारी असेल तर अत्यंत उथळ खाचाही तिला फिरवू शकतात, असे त्याचे प्रतिपादन होते. उथळ व गोलसर खाचांत मळ कमी साठतो आणि सहज निघतो. १८७१ मध्ये स्वीकारलेल्या मार्टिनी-हेन्री रायफलीच्या खाचा अलेक्झांडर हेन्री याच्या पद्धतीच्या होत्या, तरी गोळीच्या बाबतीत तिने कठीणपणाचीच वाट धरली. सात खाचा, बावीस इंचांत एक वेढा, ८५ ग्रेन दारू आणि ४८० ग्रेनची गोळी असे तिचे स्वरूप होते. ही गोळी निव्वळ शिशाची नसून बारा भाग शिसे व एक भाग कथील यांच्या मिश्रणाची असे व तिच्याभोवती कागद गुंडाळलेला असे.

कथिलाच्या या मिश्रणाने अचूकता वाढली, पण एक सवलत गमावली. मऊ शिसे दाबाखाली सहज फुगते आणि नळीतील उणीव भरून काढते. कठीण मिश्रण तितके फुगत नाही. कठीण गोळी प्रारंभापासूनच नळीस जुळली पाहिजे. नळी झिजून रुंद झाली असेल आणि गोळी पूर्वीच्याच साच्यात ओतलेली असेल, तर दोहोंमधील फटीतून तप्त वायू पुढे निसटतो. शिसे ३२७ अंश सेल्सियसला वितळते. ज्वलनवायूंचे उष्णतामान याच्या कितीतरी पट असल्यामुळे तो झोत गोळीची कड कापून काढतो, वितळलेले शिसे पुढे नळीवर फेकले जाऊन तेथे चिकटते, आणि पुढची गोळी त्या लेपावरून घासत जाते. चार-पाच फेऱ्यांतच लक्ष्यावरील गोळ्या विखुरू लागतात. अशा वेळी नेमबाज ‘नळी झिजली’ असे म्हणतो. वस्तुतः नळी थोडी रुंद होती. खरा दोष तिला न जुळणाऱ्या गोळीचा होता, आणि मोठ्या व्यासाच्या साच्यात ओतलेल्या गोळीने तो बहुधा दूर झाला असता.

५

खऱ्या अर्थाने नळीचा क्षय घडविणारी गोष्ट पुढे आली, ती शिशातून नव्हे तर दारूतून. ब्रिटिश सैन्याने १८८८ मध्ये ०.३०३ इंच व्यासाची ली-मेटफर्ड रायफल स्वीकारली. तिच्यातील सात उथळ खाचा मेटफर्डच्या पद्धतीच्या होत्या व त्यांची खोली सुमारे चार सहस्रांश इंच होती. तिची रचना काळ्या दारूच्या मळाचा विचार करून केलेली होती. परंतु १८९१ मध्ये या रायफलीच्या काडतुसात कॉर्डाइट ही धूरविरहित दारू आली. एबेल व ड्यूअर यांनी सिद्ध केलेल्या या दारूत ५८ टक्के नायट्रोग्लिसरीन, ३७ टक्के गनकॉटन आणि ५ टक्के खनिज जेली होती. ही जेली नळीचे रक्षण व्हावे या हेतूने घातली गेली. पुढे असे आढळले की तिचा खरा उपयोग दारू साठ्यात टिकाऊ करण्याचा आहे.

कॉर्डाइटची ज्योत काळ्या दारूपेक्षा अतिशय उष्ण असते. प्रत्येक फेरीगणिक काडतुसाच्या कोठ्यापुढील भाग, म्हणजे जेथे खाचा सुरू होतात तो नळीचा कंठ, क्षणभर भयंकर तापतो व लगेच निवतो. पोलादाच्या पृष्ठभागाची घडण बदलते, त्यावर बारीक तडे पडतात, आणि वेगवान वायू तो ठिसूळ थर कणाकणाने वाहून नेतो. या क्रियेस ‘क्षरण’ हाच शब्द योग्य होय. कारण ‘क्षर्’ या धातूत वाहून जाण्याची कल्पना आहे आणि येथे खरोखर तेच घडते. घासण्याचा भाग त्यात गौण आहे. चार सहस्रांश इंच उंचीचे मेटफर्डचे गोलसर उंचवटे या क्षरणापुढे टिकू शकले नाहीत. १८९५ मध्ये त्यांच्या जागी किंचित खोल, चौकोनी कडांच्या पाच खाचा योजण्यात आल्या आणि रायफलीचे नाव ली-एन्फील्ड झाले. १९०१ पासून दारूतील नायट्रोग्लिसरीनचे प्रमाणही ३० टक्क्यांवर आणण्यात आले. या दोन्ही सुधारणांतून गोळीला अपराधी धरले गेले नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. त्या काळच्या तज्ज्ञांनी दोष दारूच्या उष्णतेत पाहिला, आणि तो बरोबर पाहिला.

दुसरा क्षयकारी घटक गंज. काळ्या दारूचा मळ ओलावा शोषून घेतो. पण धूरविरहित दारूच्या काळातही नळ्या गंजत राहिल्या आणि त्याचे कारण बराच काळ दारूतच शोधले गेले. अमेरिकेच्या ब्युरो ऑफ माइन्समधील विल्बर हफ याच्या १९२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने हे दाखविले की काडतुसाच्या टोपीतील पोटॅशियम क्लोरेटपासून पोटॅशियम क्लोराइड हा क्षार उरतो, आणि तो खाण्याच्या मिठाप्रमाणे हवेतील ओलावा ओढून घेऊन पोलाद गंजवितो. तेलाने हा क्षार विरघळत नाही, पाण्याने विरघळतो. म्हणून नळीत उकळते पाणी ओतण्याची सैन्यातील जुनी रीत शास्त्रशुद्ध होती. पावसाळ्याच्या दमट हवेत, विशेषतः कोकण व बंगालसारख्या प्रदेशांत, ही काळजी न घेतलेल्या नळीत अल्पावधीत खड्डे पडणे अटळ होते. असे खड्डे शिशाच्या गोळीचा पृष्ठभाग खरवडतात. कवचाच्या गोळीस त्यांचा इतका उपद्रव होत नाही. यामुळेच एकच खड्डेमय नळी कवचाच्या गोळीने समाधानकारक, आणि ओतीव गोळीने निकृष्ट मार देते.

तिसरा घटक पुन्हा घर्षणाचाच, पण तो गोळीचा नव्हे. मागून भरावयाच्या बंदुकीत गज गेला व साफ करण्याची दोरी आली. भारतीय सैन्यात ‘पुलथ्रू’ आणि त्याला लावावयाची ‘चिंदी’ हे शब्द आजही रूढ आहेत. दोरी तोंडापाशी एका बाजूला ओढली गेली, व तीत वाळूचे कण असले, तर ती करवतीसारखे काम करते. ब्रिटिश सैन्यातील शस्त्रकारांना दोरीने झिजलेल्या नळीचा हा प्रकार इतका परिचित होता की त्याला स्वतंत्र नाव होते. म्हणजे शिपाई जितका दक्ष तितकी नळी गंजापासून सुरक्षित. पण दक्षतेला कौशल्याची जोड नसेल, तर त्याच्याच हातून तोंडाचा नाश. तोंडाची ही झीज स्थानिक असते, याचे प्रमाण सोव्हिएत शस्त्रागारांनी दुरुस्त केलेल्या मोसिन-नागान रायफलींत मिळते. त्यांपैकी अनेकींच्या नळ्यांचे टोक आतून काही अंतरापर्यंत रुंद करून खाचांचा शेवट अभंग भागात आणलेला आहे. एवढ्यानेच अशा नळ्या पुन्हा सेवायोग्य ठरत.

६

गोळीचा कोणता भाग व नळीचा कोणता भाग अचूकतेस निर्णायक आहे, हा प्रश्न प्रयोगाने हाताळणाऱ्यांत अमेरिकेतील फ्रँकलिन मान या वैद्याचे स्थान मोठे आहे. १९०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात अनेक वर्षांच्या प्रयोगांची नोंद आहे. शिशाच्या गोळीचे टोक मुद्दाम विद्रूप केले तर तिच्या मार्गावर तुलनेने थोडा परिणाम होतो. परंतु बूड विद्रूप केले तर ती लक्ष्यापासून दूर भरकटते, असे त्याला आढळले. झिजलेल्या नळीचे सारे दोष ओतीव गोळीच्या बाबतीत अखेर याच एका गोष्टीशी येऊन मिळतात. कंठ क्षरणाने रुंद झाला असेल तर गोळी आधाराविना पुढे उडी घेते व तिरपी होऊन खाचांत शिरते. फट असेल तर वायू बुडाची कड जाळतो. तोंड झिजले असेल तर सुटतेवेळी बुडास असमान धक्का बसतो. विसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेत ओतीव गोळीच्या बुडास तांब्याची लहान वाटी बसविण्याची पद्धत निघाली, तिचा हेतूही बुडाचे रक्षण हाच होता.

कंठाशी क्षरण झालेल्या जुन्या ०.३०३ रायफलीतही, कंठाच्या व खाचांच्या प्रत्यक्ष मापाप्रमाणे किंचित मोठी गोळी ओतून, ती काडतुसात पुढे बसवून आणि दारूचे प्रमाण कमी ठेवून चांगला मार मिळविता येतो, असा अनुभव आहे. उलट मागील भाग नव्यासारखा असूनही तोंड झिजलेले असेल, तर कोणत्याही गोळीने तसा मार मिळणे कठीण. डोळ्यांना पहिली नळी अधिक झिजलेली दिसते. अचूकतेच्या दृष्टीने दुसरी अधिक निकामी असते.

७

या विवेचनाचा इतिहासाच्या अभ्यासाशी असलेला संबंध आता स्पष्ट करता येईल. १८५७ च्या उठावानंतर हिंदी शिपायांच्या हाती अचूक रायफल राहू नये, अशा धोरणाने त्यांना बाह्यतः एन्फील्डसारख्याच, पण आतून खाचा नसलेल्या व सुमारे ०.६५ इंच व्यासाच्या बंदुका देण्यात आल्या. त्यांपैकी काही नळ्या मुळात रायफलीसाठी तयार झालेल्या असून मागाहून आतून कोरून रुंद केलेल्या होत्या. अशी एखादी बंदूक संग्रहात सापडली, तर आत खाचा नाहीत असे पाहून ‘वापराने खाचा नाहीशा झाल्या’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तसे केल्यास राजकीय अविश्वासाचा एक ठळक पुरावा केवळ वापराची खूण म्हणून नोंदला जाईल. विसाव्या शतकात इशापूरच्या कारखान्यात ०.३०३ रायफली पोलीस व पहारेकऱ्यांसाठी ०.४१० इंच व्यासाच्या, खाचा नसलेल्या एकबारी बंदुकांत रूपांतरित करण्यात आल्या. त्यांबाबतही हाच धोका संभवतो. तीनशे सहस्रांशाची नळी झिजून चारशे सहस्रांशाची होत नाही. ती कोणीतरी कोरलेली असते. आणि ती का कोरली, हा प्रश्न इतिहासाचा आहे.

म्हणून जुन्या रायफलीस साक्षीला उभे करण्यापूर्वी तिची तपासणी काही निश्चित क्रमाने झाली पाहिजे. नळी रिकामी असल्याची खात्री करून प्रथम शिशाचा लेप व मळ पूर्णपणे काढावा. अन्यथा भर हीच झीज म्हणून मोजली जाईल. नंतर मऊ शिशाचा तुकडा गजाने नळीतून सावकाश ढकलावा. तो कोठे घट्ट व कोठे सैल जातो यावरून नळीचा आकार हातास कळतो, आणि बाहेर आलेल्या तुकड्यावरून खाचांचा व्यास मोजता येतो. कंठाजवळचे व तोंडाजवळचे माप स्वतंत्रपणे घ्यावे. तोंडाची कड सर्व बाजूंनी सारखी आहे की एका बाजूस घासलेली आहे ते पाहावे. गंजाचे खड्डे कोणत्या भागात आहेत ते नोंदवावे. यानंतरच त्या मापाची गोळी ओतावी, आणि मिश्रणात शिसे व कथील यांचे प्रमाण काय होते हेही प्रयोगाच्या अहवालात सांगावे. ही माहिती न देता केवळ लक्ष्यावरील विखुरण्याचे आकडे दिले, तर त्यांवरून पूर्वीच्या शिपायाविषयी काहीही सिद्ध होत नाही.

याच्या उलट टोकाची चूकही टाळली पाहिजे. समकालीन चाचण्यांचे आकडे नव्या नळीचे, निवडक गोळ्यांचे व तरबेज नेमबाजांचे असतात. रणांगणावरील रायफल या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी होती. तिची नळी मळलेली असे, तोंड गजाने थोडे घासलेले असे, आणि गोळी तिच्यासाठी नव्हे, तर त्या नमुन्याच्या सर्व नळ्यांसाठी एकाच मापाने तयार केलेली असे. मऊ शिशाच्या फुगणाऱ्या गोळीचे खरे ऐतिहासिक महत्त्व येथेच आहे. तिने उत्तम नळीतून सर्वोत्कृष्ट मार दिला नाही. तो मान व्हिटवर्थकडे जातो. परंतु हजारो सामान्य, कमीअधिक झिजलेल्या नळ्यांतून तिने पुरेसा मार दिला, आणि सैन्याला गरज त्याचीच होती. हे उमजण्यासाठी ‘झीज’ या एका शब्दावर न थांबता घर्षण, क्षरण, गंज व लेप असे त्याचे घटक वेगळे करावे लागतात. शब्दांची ही विभागणी झाली की संग्रहालयातील मुकी नळीही बरेच काही सांगू लागते. ती झाली नाही, तर पाहणाऱ्याने मनात आधीच धरलेले उत्तर तेवढे तिच्या नावावर नोंदले जाते.